नववीच्या मागच्या बाकासाठी : शिरूर-दौंडच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय मुख्याध्यापक सर आणि मॅडम,
सर्व माध्यमिक विद्यालये,
तालुके शिरूर आणि दौंड, जि. पुणे.



दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी शिक्रापूरच्या चौकात फ्लेक्स झळकतात. ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’, खाली पहिल्या तीन विद्यार्थ्यांचे फोटो आणि त्याहून मोठे पदाधिकाऱ्यांचे. या मुलांचं मला मनापासून कौतुक आहे. त्यातल्या कितीतरी मुली घरची जनावरं आणि स्वयंपाक बघून नव्वद टक्क्यांच्या वर गेलेल्या असतात. पण हे पत्र त्यांच्याविषयी नाही. जी मुलं फ्लेक्सवर नसतात, नापासांच्या यादीतही नसतात, आणि तरीही आपल्याच शाळेत नववीपर्यंत बसलेली असतात, त्यांच्यासाठी मी लिहितो आहे.

माझं शिक्रापूरला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. गेट, ग्रिल, गोठ्याचे आणि गोदामाचे शेड, कंपन्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या आणि रॅक ही आमची कामं. निकालानंतरच्या दिवसांत आई-बाप मुलाला घेऊन दारात येतात. “दादा, शाळेत याचं काही खरं नाही. तुमच्याकडं ठेवून घ्या, काहीतरी शिकेल.” मुलगा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा असतो. त्याला काय येतं, काय आवडतं, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. विचारलं की म्हणतो, “काही नाही.”

माझी पहिली तक्रार इथूनच सुरू होते. यातली काही मुलं दहावीला नापास झालेली नसतात. ती दहावीपर्यंत पोहोचलेलीच नसतात. नववीची वार्षिक परीक्षा झाली की पालकांना बोलावून सांगितलं जातं, की याच्यामुळे शाळेचा निकाल खाली येईल, दाखला काढून घ्या आणि बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरा. शेतात राबणाऱ्या बापाला १७ नंबर म्हणजे काय हे माहीत नसतं. सरांनी सांगितलं म्हणजे बरोबरच असेल, असं म्हणून तो सही करतो. सगळ्या शाळांत असं होतं असं मी म्हणणार नाही. अशा मुलांना घरी बोलावून रात्री गणित शिकवणारे शिक्षकही या तालुक्यात आहेत आणि त्यांना माझा नमस्कार आहे. पण जिथे होतं तिथे ते उघडपणे होतं आणि शंभर टक्क्यांच्या फ्लेक्समागे झाकलं जातं. १७ नंबरचा फॉर्म हा काम करत शिकणाऱ्यासाठी, शिक्षण मध्येच सुटलेल्यासाठी ठेवलेला दरवाजा आहे. शाळेनं त्यातून आपलीच मुलं बाहेर लोटू नयेत, एवढी साधी अपेक्षा आहे.

आता असा मुलगा पंधराव्या-सोळाव्या वर्षी बाहेर पडतो तेव्हा त्याचं काय होतं? सणसवाडी, रांजणगाव, चाकण आणि तिकडे दौंडकडे कुरकुंभ, इतक्या औद्योगिक वसाहती आपल्या आजूबाजूला असल्यामुळे आपल्याला वाटतं, कुठंतरी लागेल. पण अठरा पूर्ण नसलेल्याला कंपनी गेटच्या आत घेत नाही. ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या कामावर मीही घेत नाही. कायदा आडवा येतो आणि मनही होत नाही. मग ही दोन-तीन वर्षं तो हायवेवरच्या हॉटेलात, गाड्या धुण्याच्या सेंटरवर, नाहीतर नुसताच चौकात काढतो. अठरा झाले की ठेकेदारामार्फत हेल्पर म्हणून लाईनवर उभा राहतो, बारा-बारा तास. काही महिन्यांनी ब्रेक, मग दुसरा ठेकेदार. तिशी आली तरी तो हेल्परच, कारण मधल्या काळात त्याच्या हाताला कुणी काही शिकवलेलं नसतं. शिकण्याचं खरं वय असतं पंधरा ते अठरा, आणि नेमकी तीच वर्षं आपण त्याच्या हातून सांडू देतो.

एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, त्याला आता गावात मान आहे. दहावीला गणितात दोनदा गेलेला, मग दोन वर्षं इकडे-तिकडे काढून माझ्याकडे हेल्पर म्हणून आलेला. एका शेडच्या खांबांचे खड्डे आखायचे होते. कोपरा काटकोनात आहे की नाही हे बघायला आम्ही दोरीवर एका बाजूला तीन मीटरवर खूण करतो, दुसऱ्या बाजूला चार मीटरवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर पाच मीटर भरतं का ते बघतो. टेप त्याच्या हातात होता. अंतर पाच मीटर सहा सेंटिमीटर भरलं. मी काही बोललो नाही. तो थोडा वेळ दोरीकडे बघत राहिला, मग त्यानं खुंटी उपटली, आतल्या बाजूला घेतली आणि पुन्हा मोजलं. तीनदा सरकवून त्यानं बरोबर पाच आणलं. आणि मग म्हणाला, “दादा, शेड बारा मीटरचं आहे. तीन-चारनं केलं तर पुढं चूक वाढंल. सहा, आठ, दहानं करूया का?”

मी थक्क झालो. दहावीच्या गणित भाग २ मध्ये पायथागोरसचं प्रमेय हे दुसरंच प्रकरण आहे. मी त्याला तसं सांगितलं तर म्हणाला, “ते होतं आम्हाला. पण त्यात कधी काही मोजलं नाही.” या मुलाला गणित येत नव्हतं असं आता तुम्हीच सांगा.

त्याला मी पाबळला पाठवलं. आणि इथे माझी दुसरी तक्रार येते, जी मला सगळ्यात जास्त टोचते.

शिक्रापूरपासून वीसेक किलोमीटरवर पाबळ आहे. बाहेरगावचे लोक मस्तानीची समाधी बघायला तिथे जातात. त्याच गावात १९८३ साली डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग नावाचा माणूस आला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केलेला, मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या हुद्द्यावर काम केलेला शास्त्रज्ञ. नोकरी सोडून या अवर्षणग्रस्त गावात बिऱ्हाड हलवलं आणि विज्ञान आश्रम सुरू केला. हात कामाला लागले की डोकं आपोआप कामाला लागतं, असा त्यांचा विश्वास होता. मुलाला आधी प्रश्न भेटावा, मग त्याचं उत्तर शोधताना विज्ञान भेटावं. आपण शाळांत नेमकं उलट करतो. उत्तर पाठ करून घेतो आणि प्रश्न परीक्षेत देतो.

तिथला एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम म्हणजे मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका, डीबीआरटी. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची म्हणजे एनआयओएसची तिला मान्यता आहे. आठवीपर्यंत शिकलेल्या मुलालाही तिथे जाता येतं. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती आणि पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग. प्रत्येकाला चारही करावे लागतात. म्हणजे मुलगीही वेल्डिंग करते, आणि मुलगाही रक्तगट तपासायला आणि खाद्यपदार्थ टिकवायला शिकतो. काम खोटं नसतं. गावातल्या माणसाला खरोखर लागणारी वस्तू करायची, खरोखर लागणारी सेवा द्यायची, त्याचे पैसे घ्यायचे आणि खर्च लिहून ठेवायचा.

खर्च लिहून ठेवणं ही गोष्ट वाचायला छोटी वाटते. माझा मुलगा (आता त्याला मी असंच म्हणतो) तिथून परत आला तेव्हा पहिल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक लोखंडी पाण्याच्या टाकीचा भाव विचारायला आलं. मी बाहेर होतो. परत आलो तर वहीच्या पानावर चित्र काढलेलं, मापं टाकलेली, पत्र्याचं क्षेत्रफळ काढलेलं. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचं वजन ७.८५ किलो, हे धरून एकूण वजन काढलं होतं. त्यावर त्या दिवशीचा किलोचा भाव, रॉड, कटिंगची चाकं, वीज, मजुरी, रंग, आणि खाली वाया जाणाऱ्या मालाची टक्केवारी. क्षेत्रफळ, घनता, शेकडेवारी. ज्या तीन गोष्टींनी त्याला शाळेत दोनदा पाडलं त्याच तीन गोष्टींवर त्यानं एस्टिमेट उभं केलं होतं. आज शेजारच्या गावात त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली दोन माणसं आहेत, आणि बँकेत कर्ज मागायला गेला तेव्हा प्रकल्प अहवाल त्यानं स्वतः लिहिला होता.

याच पाबळमध्ये २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या साथीनं फॅब लॅब सुरू झाली. संगणकावर काढलेलं चित्र मशीननं कापून हातात देणारी अशी प्रयोगशाळा एमआयटीच्या बाहेर जगात जिथे जिथे पहिल्यांदा उभी राहिली, त्यांत आपल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळचं नाव आहे. पुढे जगभर अशा लॅब झाल्या. कलबाग सर २००३ साली गेले. काम चालू आहे. आणि सर, मॅडम, मी गेल्या काही वर्षांत तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना भेटलो, त्यातल्या बहुतेकांनी मला विचारलं, “ते नापास मुलांचं ना?”

नाही. ते सगळ्यांचं होतं. कलबाग सरांना आश्रम हा शाळेला पर्याय म्हणून नको होता. शाळेच्या आतच हे काम यावं यासाठी त्यांनी आठवी ते दहावीचा बहुकौशल्य अभ्यासक्रम तयार केला, मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख नावाचा, आणि राज्याच्या दहावी बोर्डानं त्याला विषय म्हणून मान्यता दिली. आठवड्यातला एक दिवस काम. शिकवायला गावातलेच कारागीर, आश्रमातून शिकून गेलेली मुलं. वर्गातला पहिला नंबर आणि शेवटचा नंबर एकाच टेबलावर. राज्यातल्या कितीतरी शाळांनी तो घेतला. ज्या तालुक्यात तो जन्मला तिथल्या प्रत्येक शाळेत तो असायला हवा होता.

तुम्ही म्हणाल, हे नवीन शैक्षणिक धोरणात आलंच आहे. आलं आहे. २०२० च्या धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे मुलांनी जावं असंही लिहिलं आहे. पण आमच्या भागात मला दप्तराविना दिवसाचे दिसतात ते फक्त फोटो. एक दिवस मातीची भांडी, एक दिवस राखी, एक दिवस भेळ. मुलं आनंदात असतात हे खरं, त्याला माझा विरोध नाही. पण एका दिवसात हात शिकत नाही. वेल्डिंगचा आर्क धरायलाच किती दिवस जातात, आणि गुण्या लावून सरळ रेघ मारायची सवय लागायला किती, हे कुठल्याही कारागिराला विचारा.

आणि धोरणाची वाटच बघायची तर आपण फार उशीर केला आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे आपल्याच पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं, तेव्हा प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन आणि हिशेबाबरोबर शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती द्यावी असं त्यांनी मागितलं होतं. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कमवा आणि शिका करून दाखवलं. आमच्या शेजारी पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीला अण्णा हजारेंनी इतर शाळांनी नाकारलेल्या नापास मुलांसाठी शाळा आणि वसतिगृह चालवलं. सगळं आपल्या घरातलं आहे. बाहेरून काही आणायचं नाही.

पालकांची एक भीती मला माहीत आहे आणि ती मी हलकी मानत नाही. आई-बापांना वाटतं, हातकाम शिकवणं म्हणजे आमच्या पोरांना पुन्हा मजूर करून ठेवणं. सरांची मुलं पुण्याला क्लासला जाणार आणि आमच्या मुलानं लोखंड घासायचं. ही भीती उगाच नाही. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली, तेव्हा लोकांनी ती जातीचा धंदा लादणारी म्हणून उधळून लावली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. लोकांचं बरोबर होतं. म्हणूनच मी मागच्या बाकासाठी वेगळा तास मागत नाही. तो तास डॉक्टरच्या मुलीलाही हवा, सरपंचाच्या मुलालाही आणि तुमच्या स्वतःच्या मुलालाही. ज्या शाळेत फक्त कच्ची मुलं वर्कशॉपमध्ये पाठवली जातात तिथे त्या वर्कशॉपकडे मुलं शिक्षा म्हणूनच बघणार, आणि पालकांनी विरोध केला तर मी पालकांच्या बाजूनं उभा राहीन.

तिसरी गोष्ट माहितीची. गेल्या वर्षी एका पालकाला शाळेत सांगितलं गेलं की दहावी नापासाला आयटीआय मिळत नाही. हे खरं नाही. फिटर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या दोन वर्षांच्या ट्रेडना दहावी पास लागतं. पण वेल्डर, वायरमन अशा काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण मुलगाही अर्ज करू शकतो. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीनं अकरावी करता येते. एनआयओएसमधून दहावी देता येते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं आणि तिथून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे वेल्डिंगचा मास्क लावलेल्या मुलाला पदवीपर्यंतची वाट मोकळी आहे. थोडी लांबची, पण मधल्या प्रत्येक टप्प्यावर त्याच्या हातात काम असतं. आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतन देऊन. सणसवाडी ते रांजणगाव या पट्ट्यात असे किती कारखाने आहेत हे तुम्ही रोज येता-जाता बघता. ही माहिती नववीच्या मुलाला ठेकेदाराच्या आधी त्याच्या वर्गशिक्षकानं द्यायला हवी.

माझ्या मागण्या फार नाहीत. निकालाच्या आकड्यासाठी नववीतून एकाही मुलाला दाखला काढायला सांगू नका. निकाल अठ्ठ्याण्णव टक्के लागला तरी गाव तुम्हाला नावं ठेवणार नाही, आणि ठेवलीच तर मी येऊन बोलेन. फ्लेक्सवर शाळेच्या त्या माजी विद्यार्थ्यांचेही फोटो लावा ज्यांनी दहावीनंतर धंदा उभा केला. गावात ते आहेत, तुम्हाला त्यांची नावं माहीत आहेत. निकालाच्या दिवशी शाळेच्या फळ्यावर आयटीआयच्या प्रवेशाच्या तारखा, १७ नंबरची मुदत आणि पाबळचा पत्ता लिहा. आठवीपासून आठवड्यातला एक दिवस कामाला द्या, अख्ख्या वर्गाला. खर्चाची अडचण आहे हे मला कळतं. शाळेला एक वेल्डिंग मशीन, एक ड्रिल, दोन पाने-पकडींचे संच आणि सुरक्षेचे चष्मे एवढ्यावर सुरुवात होते, आणि आमच्या भागातल्या कंपन्यांचा सामाजिक निधी कुठेतरी खर्च व्हायचाच असतो. तो फक्त ई-लर्निंगच्या टीव्हीवर जायला हवा असं नाही.

शिकवणाऱ्याची चिंता करू नका. या तालुक्यांत उत्तम गवंडी आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, मोटार रिवाइंडिंग करणारे आहेत, कृत्रिम रेतन करणारे आहेत, ड्रिप बसवणारे आहेत. दौंडला रेल्वेत आयुष्य घालवून निवृत्त झालेले फिटर आहेत, ज्यांच्या हाताला दशकांचा सराव आहे आणि ज्यांना आज कुणी काही विचारत नाही. या लोकांकडे बी.एड. नाही. त्यांच्याशेजारी तुमचे विज्ञान-गणिताचे शिक्षक उभे राहिले की झालं; एकानं काम दाखवायचं, दुसऱ्यानं त्यातलं सूत्र. माझ्या मुलाला शाळेत हे दोन जण एकत्र भेटले असते तर त्याची चार वर्षं वाचली असती.

मी स्वतः शनिवारी अर्धा दिवस द्यायला तयार आहे. माझ्याशी बोललेले आणखी तीन-चार व्यावसायिक तयार आहेत. पुढच्या सत्राआधी आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी एक दिवस काढून पाबळला चला. गाडी मी करतो, आश्रमाशी बोलून दिवस ठरवतो. सोबत एक गणिताचा आणि एक विज्ञानाचा शिक्षक आणा. आणि शक्य असेल तर नववीतली अशी दोन मुलंही, ज्यांच्याबद्दल तुमच्या स्टाफरूममध्ये आता काही आशा उरलेली नाही. त्यांच्या पालकांची लेखी संमती आणि त्यांच्या जेवणाचं मी बघतो.



आपला नम्र,
एक वर्कशॉप चालक
शिक्रापूर, ता. शिरूर, जि. पुणे